शिळाप्रेसकडे उलटी वाट: संकेतस्थळांचे दृश्य संपादक आणि मराठी मजकूर



आजच्या विषयातला 'संपादक' हा वर्तमानपत्रातला संपादक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. संकेतस्थळावर मजकूर चढवायचा असला की पडद्यावर एक कोरी चौकट उघडते. तिच्या डोक्यावर ठळक, तिरपे, रंग, डावीकडे, मध्यभागी अशा बटणांची पट्टी असते. चौकटीत आपण लिहितो आणि ते जसं दिसतं तसंच पान लोकांना दिसेल, असं आश्वासन ती चौकट देते. तिला दृश्य संपादक म्हणतात. इंग्रजीत या आश्वासनाचं एक आद्याक्षरी नावच पडलेलं आहे, विझिविग. दिसतं तेच मिळतं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याच्या बरोबर उलट म्हण आहे: दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आजच्या व्याख्यानात आम्ही म्हणीच्या बाजूने बोलणार आहोत.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं दोघातिघांनी विचारलं. संगणकाची जुळणी आमचा प्रांत नाही, हे कबूल. पण मजकूर म्हणजे काय, हा प्रश्न आमचाही आहे. आणि आज बुलढाणा जिल्ह्यातली पतसंस्था असो, महाविद्यालय असो, की सार्वजनिक वाचनालय असो, तिचा मजकूर याच चौकटीतून जगापुढे जातो. तेव्हा चौकटीची समीक्षा व्हायलाच हवी. पुस्तकाची आपण करतो, नाटकाची करतो, मग हिची का नको?

इतिहास थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जो पहिला वेब ब्राउझर लिहिला, तो वाचण्याचा आणि लिहिण्याचा असा दोन्ही कामांचा होता. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले ते फक्त वाचण्याचे राहिले. लिहायचं असेल तर एचटीएमएल नावाची खुणांची भाषा शिका, असा नियम झाला. मग २००० साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पानाचा एखादा भाग थेट टंकता येण्याची सोय आली आणि तिच्यावर नवे संपादक उभे राहिले. सीकेएडिटर, टायनीएमसीई ही त्यातली ठळक नावं. मजकूर साठवणं, रचणं, प्रसिद्ध करणं यांसाठी ज्या मुक्तस्रोत प्रणाली आहेत, म्हणजे ड्रुपल, जूमला, वर्डप्रेस, मीडियाविकी, त्यांत असे संपादक बसवलेले असतात. एक योगायोग आम्हाला फार आवडतो. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, आणि वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली त्याच महिन्यात, २७ मे २००३ ला. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाचं एक जुनं मुक्त सॉफ्टवेअर पुढे नेऊन ती केली. सामान्य माणसाने जाळ्यावर लिहावं, या एकाच इच्छेची ही दोन अपत्यं. त्यांचे स्वभाव मात्र निराळे, त्याकडे पुढे येऊ.

आता मूळ मुद्दा. तुम्ही चौकटीत 'वार्षिक सर्वसाधारण सभा' असे शब्द लिहिले. ते शीर्षक वाटावं म्हणून निवडून ठळक केले, आकार मोठा केला, मध्यभागी आणले. पडद्यावर उत्तम शीर्षक झालं. पण खाली, पानाच्या पोटात, ते शीर्षक झालेलंच नाही. तो एक साधा परिच्छेद आहे, ज्याची अक्षरं जाड आहेत. खरं शीर्षक करायचं तर त्याच पट्टीतल्या 'परिच्छेद' असं लिहिलेल्या यादीतून 'शीर्षक २' निवडावं लागतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो डोळ्यांनी न वाचणाऱ्याला. एनव्हीडीए नावाचा एक पडदावाचक आहे, तोही मुक्तस्रोत आणि विनामूल्य. अंध वाचक त्यावर पान ऐकतो. त्यात 'एच' ही कळ दाबली की आवाज पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. डोळस माणूस पान वरखाली चाळतो, तसंच हे चाळणं. आता ज्या पानावर सगळी शीर्षकं नुसती जाड अक्षरं आहेत तिथे 'एच' दाबून काहीही सापडत नाही. वीस परिच्छेदांची सूचना त्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावी लागते. शोधयंत्रालाही तीच अडचण. पानाचा सांगाडा त्याला कळत नाही.

न्यायशास्त्रात शुक्ति-रजताचं उदाहरण आहे. शिंपला चमकला, माणसाला चांदी वाटली. आपल्या खामगावला रजतनगरी म्हणतात, तेव्हा हे उदाहरण इथे जास्त समजावून सांगायची गरज नाही. चांदी खरी की खोटी हे नुसतं टक लावून पाहिल्याने ठरत नाही. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं की नाही हे प्रवृत्तीच्या सामर्थ्याने कळतं. त्या ज्ञानावर विसंबून कृती करा. कृती फळाला आली तर ज्ञान खरं. कस लावा, विकायला न्या. शीर्षकाचीही परीक्षा तीच. 'एच' दाबा. उडी बसली तर ते शीर्षक, नाही तर शिंपला. दृश्य संपादकाचा मूळ दोष आमच्या मते हा, की तो चांदी आणि शिंपला एकाच पट्टीत, एकाच आकाराच्या बटणांवर ठेवतो, आणि शिंपल्याचं बटण हाताला जास्त जवळ असतं.

आपल्याकडच्या एका संस्थेचं संकेतस्थळ आम्ही मध्यंतरी बारकाईने पाहिलं. नाव घेत नाही, कारण अशी पुष्कळ आहेत. वर्डप्रेसवर केलेलं, दिसायला नेटकं. सूचनांच्या पानावर गेलो तर एकाही सूचनेत मजकूर नाही! प्रत्येक सूचना म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो किंवा स्कॅन करून चढवलेली पीडीएफ. वर 'सूचना क्र. ४' एवढीच ओळ. फोटोतलं एक अक्षरही शोधता येत नाही, पडदावाचकाला वाचता येत नाही, आणि फोनवर वाचायचं तर दोन बोटांनी ताणून डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

याला आळस म्हणून मोकळं होता येईल. पण कारण अधिक खोल आहे. आपल्या कार्यालयांतलं मराठी टंकलेखन अनेक वर्षं श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फाँटांवर चाललं. त्या फाँटांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट म्हणजे त्यावर चढवलेला मुखवटा. अशी फाईल उघडून मजकूर दृश्य संपादकात चिकटवला की मुखवटा गळतो आणि खालची अगम्य चिन्हं बाहेर पडतात. कार्यालयातला कारकून दोनदा करून बघतो, तिसऱ्यांदा वैतागून कागदाचा फोटो काढतो. त्याच्या दृष्टीने हा उपाय बिनचूक आहे. दिसायला हवं ते दिसलं.

इथे आम्हाला मराठी मुद्रणाची सुरुवात आठवते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये अख्खं पान हे एक चित्र असतं. दगडावर जे उमटलं ते कागदावर येतं, सुटं अक्षर असं त्यात काही नसतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे सुबक खिळे पाडले, आणि मजकूर म्हणजे वेगळी करता येणारी, पुन्हा जुळवता येणारी अक्षरं झाली. चूक सापडली तर एक खिळा बदलायचा, अख्खा दगड पुसायचा नाही. युनिकोड हा आपल्या काळातला खिळा आहे. आणि फोटोची सूचना ही शिळाप्रेस आहे. मुक्तस्रोताचं, जगातलं उत्तमातलं उत्तम साधन हाती असून आपण दगडाकडे परत चाललो आहोत. (शिळाप्रेसबद्दल आम्हाला आदरच आहे. त्या काळी त्याने मराठीवर उपकार केले. पण आज?)

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर ही चैन परवडणारी नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांना सतरा बाबी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायला सांगतो, आणि ती माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायलाही सांगतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा इलेक्ट्रॉनिक माहिती त्यांना वापरता येईल अशी असावी म्हणतो. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. नियमांची कमतरता नाही. कमतरता चौकटीतल्या त्या बटणांच्या पट्टीत आहे, जी नियम मोडणाऱ्याला एका शब्दाने टोकत नाही.

आता एकेक साधन घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळी सारख्या योग्यतेची नाहीत.

वर्डप्रेसचा जुना संपादक टायनीएमसीईवर चालायचा. एक लांबट चौकट, वर पट्टी. निबंध लिहायला तो चांगला होता, म्हणजे बसा आणि लिहीत जा. ६ डिसेंबर २०१८ ला वर्डप्रेसची पाचवी आवृत्ती आली आणि त्याच्या जागी गुटेनबर्ग नावाचा ठोकळ्यांचा संपादक बसला. प्रत्येक परिच्छेद एक ठोकळा, प्रत्येक चित्र एक ठोकळा, यादी, तक्ता, अवतरण, सगळे ठोकळे. लोक चिडले. जुना संपादक परत आणणारी जोडणी लाखो संकेतस्थळांवर बसवली गेली, आणि काहींनी तर वेगळी चूल मांडून क्लासिकप्रेस काढलं.

आमचं मत इथे दोन भागांत आहे. रचनेच्या दृष्टीने गुटेनबर्ग जुन्यापेक्षा प्रामाणिक आहे. त्यात शीर्षक हा वेगळा ठोकळाच असल्यामुळे माणसाला निदान प्रश्न पडतो, की मी हे काय लिहितोय, शीर्षक की परिच्छेद? लेखाची रूपरेषा उघडली तर शीर्षकाची पायरी चुकलेली असल्यास तो तसं दाखवतो. चित्राला पर्यायी मजकूर द्यायची जागा समोर असते. लोणारचंच घ्या. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते फोटो सगळीकडे फिरले. ज्याला फोटो दिसत नाही त्याच्यासाठी 'लोणार सरोवर, पाणी गुलाबी झालेलं, जून २०२०' एवढे सहा-सात शब्द त्या जागेत लिहिले की काम झालं. आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. ठोकळ्यांच्या सीमा तो एचटीएमएलच्या टिप्पणीच्या खुणांत साठवतो, ज्या ब्राउझर दाखवतच नाही. उद्या गुटेनबर्ग गेला तरी मजकूर बहुतांश शाबूत राहतो. हे सज्जनपणाचं लक्षण आहे.

दुसरा भाग कडवट आहे. लेखनाची लय तो मोडतो. दोन वाक्यं झाली की चौकट, मग पट्टी, मग अधिक चिन्ह. सलग विचार करणाऱ्याला हे म्हणजे चालताना दर चार पावलांवर कोणीतरी चप्पल बदलायला लावावी तसं आहे. नाव गुटेनबर्गचं घेतलं, पण छापखान्यात लेखक आणि जुळारी हे दोन वेगळे लोक होते, हे विसरले. लेखकाने लिहायचं आणि जुळाऱ्याने खिळे लावायचे. इथे लेखकालाच जुळारी केलं आहे.

आणि याहून वाईट म्हणजे वर्डप्रेसवर बसवले जाणारे पानरचनाकार. ओढा, सोडा, पान तयार. यातल्या एका लोकप्रिय विकाऊ रचनाकाराची, डब्ल्यूपी-बेकरीची, तऱ्हा अशी, की ती जोडणी बंद केली की पानावर चौकोनी कंसांतल्या सांकेतिक खुणांची रांग उरते आणि तुमचा मजकूर त्यांत अडकलेला दिसतो. संस्थेचा विकासक मुलगा पुण्याला नोकरीला गेला, जोडणीचा परवाना संपला, आणि दहा वर्षांचे कार्यवृत्तांत कंसांत गेले. मुक्तस्रोताच्या घरात राहून भाडेकरू व्हायचं हे!

मीडियाविकीचा स्वभाव निराळा, असं आम्ही म्हणालो. विकिपीडियाने दृश्य संपादक २०१३ साली आणला. इंग्रजी विकिपीडियावर जुलैमध्ये तो सर्वांपुढे ठेवला आणि समाजाने इतका विरोध केला, की सप्टेंबरमध्ये तो ऐच्छिक करावा लागला. आम्हाला या भांडणात तथ्य दिसतं. जुने संपादक म्हणत होते, आम्हाला खालची खुणांची भाषा दिसू द्या. आज दोन्ही वाटा शेजारी आहेत, हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. मराठी विकिपीडियावर 'अलीकडील बदल' उघडा. कोणी दृश्य संपादकातून बदल केला असेल तर तिथे तशी खूणपताका लागलेली असते. काय सुंदर शब्द आहे, खूणपताका! आणि 'इतिहास पहा' म्हटलं की प्रत्येक स्वल्पविरामाची वंशावळ समोर येते: कोणी घातला, कधी, कोणी काढला. वर्डप्रेसही जुन्या आवृत्त्या ठेवतो, पण त्या संकेतस्थळाच्या आतल्या माणसाला दिसतात. विकीचा इतिहास वाचकाला दिसतो. मजकुराचा खुलेपणा म्हणजे आम्हाला हे अभिप्रेत आहे. त्यामानाने विकीचा दृश्य संपादक देखणा नाही, तक्ते करताना छळतो, पण रंग आणि आकार यांची बटणं त्याने मुद्दाम मागे ठेवली आहेत. यालाच आम्ही रुची म्हणतो.

ड्रुपलबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. त्यात व्यवस्थापकाला ठरवता येतं, की अमुक लेखकाला पट्टीत कोणती बटणं दिसावीत आणि मजकुरात कोणत्या खुणा चालाव्यात. अक्षराचा रंग नको? बटण काढा. शीर्षकं हवीत? तेवढी ठेवा. टायनीएमसीई आणि सीकेएडिटर यांतही पट्टी कमी करता येते. हे कोणी करत नाही, कारण जितकी बटणं जास्त तितकं साधन भारी, असा आपला समज.

आता एक शुद्ध मराठी अडचण, जिच्याकडे यातला एकही संपादक लक्ष देत नाही. आपल्या जिल्ह्याच्या बुलढाणा भागात अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, त्यांत दऱ्या आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे वेगळे शब्द. एक डोंगराचा, एक समुद्राचा. हा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला र वापरतात, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक शून्य रुंदीचं, अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. पण साध्या तुलनेत यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. आणि ते अदृश्य चिन्ह चिकटवताना किंवा मजकूर 'स्वच्छ' करताना गळालं तर तुमच्या डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो! 'ॲ'चंही तेच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवून लिहीत, अजूनही लिहितात. 'ॲप' शोधलं तर दुसऱ्या रीतीचा शब्द सापडेलच याची खात्री नाही. दिसतं तसं नसतं याचं याहून निर्मळ उदाहरण आम्हाला माहीत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे दुःख नाही, म्हणून त्याच्या संपादकात ही सोयही नाही.

पण साधन मुक्तस्रोत आहे ना, मग आपणच दुरुस्त करू, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, परवानगी आहे. जीपीएल परवाना वापरण्याची, पाहण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. पण मुभा आणि सामर्थ्य यांत अंतर असतं. २०२४ सालचं प्रकरण आठवा. मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात वाद झाला. सप्टेंबरमध्ये त्या कंपनीचा वर्डप्रेस डॉट ऑर्गशी असलेला संबंध तोडला गेला, म्हणजे तिच्याकडे राहणाऱ्या संकेतस्थळांना तिथून मिळणारी अद्ययावत आवृत्ती बंद. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन ती वाट पुन्हा उघडायला लावली. संहिता सगळ्यांची होती, पण पाणी सोडण्याची चावी एकाच्या हाती होती. विहीर गावाची आणि मोटर पाटलाची, असं हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. टायनीएमसीईचा परवानाही आधी एलजीपीएल, २०२२ मध्ये एमआयटी, २०२४ मध्ये जीपीएल असा फिरत गेला. म्हणून 'मुक्तस्रोत आहे' एवढं म्हणून समीक्षकाला थांबता येत नाही. कोणाच्या हातात काय आहे, हे दरवेळी विचारावं लागतं.

आपल्या जिल्ह्याचं अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या सामायिक व्यवस्थेवर आहे. देशातली पुष्कळ जिल्ह्यांची संकेतस्थळं तिच्यावरच आहेत. साचा एक असल्याने शीर्षकं, भाषा बदलायची सोय, अक्षर मोठं करायची सोय, हे सगळं एकदाच नीट केलं की सर्वांना मिळतं. स्वातंत्र्य कमी, पण शिंपला चांदी म्हणून खपवायला जागाही कमी. आम्ही आयुष्यभर स्वातंत्र्याची बाजू घेत आलो, तरी या ठिकाणी साच्याला गुण देऊ. त्याची किंमतही आहेच. लोणार आणि सिंदखेड राजा यांची पानं एकाच मापाच्या अंगरख्यात उभी राहतात.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: आमच्या वाचनालयाकडे श्रीलिपीतले पंधरा वर्षांचे अहवाल आहेत, त्यांचं काय करावं? फोटो चढवू नका. परिवर्तक वापरून ते युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका होतील, त्या मूळ प्रतीशी ताडून हाताने काढा. एका सदस्याने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पडद्यावर पाहावं, म्हणजे जुन्या छापखान्यात मुद्रितं तपासत तसं. मग मजकूर संपादकात आणताना तो 'साधा मजकूर' म्हणून चिकटवा, आणि शीर्षकं यादीतून निवडा, जाड करून नव्हे. मूळ अहवालाचा स्कॅन खाली जोडून ठेवायला हरकत नाही. सुरुवात सगळ्यात जुन्या वर्षापासून करा, कारण त्या फाईली उघडणारा संगणक तुमच्याकडे बहुधा एकच उरलेला असेल.